शेंगांचा शनिवार

पद्मक्का हत्तीला म्हशीसारखं हंबरायला लावत होती.

मी तिच्या जाळीच्या दाराबाहेर उभी होते, हातात जुईचा स्वेटर. आत सतरंजीवर आमच्या बिल्डिंगमधली पोरं आडवीतिडवी पसरली होती. मधोमध पद्मक्का बसली होती, पाय लांब सोडून आणि पाठीला लोड घेऊन. तिच्या मांडीत माझी जुई. पुस्तकातला हत्ती नदीवर आंघोळीला निघाला होता.

‘अक्का, हत्ती असा नाही ओरडत,’ तळमजल्यावरची सानिया म्हणाली. ती दुसरीत होती आणि तिला सगळंच माहीत असायचं.

‘तू कधी ऐकलीस?’

‘टीव्हीवर.’

‘टीव्हीवरची हत्ती वेगळी. ही आपल्या सोलापूरची हाय.’

आणि जुई हसली. नुसते ओठ नाही हलवले, आवाज करून हसली. डोकं मागे टाकून, पद्मक्काच्या खांद्यावर घासत. पद्मक्काने पुन्हा एकदा हंबरून दाखवलं. जुई पुन्हा हसली.

मी स्वेटरची घडी मोडली, परत घातली.

जुई तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि बोलत नव्हती. पाण्याला ‘पा’ म्हणायची, नको असलं की ‘नै’. बाकी सगळं बोटाने. मला हाक मारायची झाली तर माझी ओढणी ओढायची. कान तपासून झाले होते, ते उत्तम होते. डॉक्टर म्हणाले होते, काही मुलं उशिरा बोलतात, तुम्ही तिच्याशी बोलत राहा, पुस्तकं वाचून दाखवा, तिला बोलतं करा. तेव्हा मुलांच्या हातात मोबाइल द्यायची पद्धत आलेली नव्हती, त्यामुळे दोष द्यायला तोही नव्हता. नातेवाईक मग माझ्याकडेच बघायचे. मराठी घेऊन एम.ए. केलेली आई, आणि पोरीच्या तोंडातून शब्द नाही.

मला जुईच्या तोंडून ‘आई’ ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं मला त्या वर्षी.

‘मंजिरी, बाहेर का उभी? ये की आत,’ पद्मक्काने मला बघितलं.

‘नको, गॅसवर दूध ठेवलंय.’

गॅसवर काहीच नव्हतं.

‘आज जुई काय हसली बघ.’

‘घरी पण हसते ती,’ मी म्हणाले.

पद्मा येमूल आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. पन्नाशीच्या आसपासची, घरात तेलुगू बोलणारी, मोठ्या आवाजाची. नवऱ्याचं चादरी-टॉवेलांचं चालतं दुकान होतं. मुलगा-सून हैदराबादला. नात सुट्टीत येईल म्हणून हिने मराठी गोष्टींची पुस्तकं आणून ठेवली होती. नात आली ती दोन दिवसांसाठी, आणि आजीशी इंग्रजीत बोलून परत गेली. मग हिने बिल्डिंगमधली पोरं गोळा केली. शाळा तेलुगूतून झालेली, त्यामुळे मराठी वाचताना ओळीखाली बोट धरायची. एखादी ओळ सुटली तर सुटली. हत्ती ‘आली’, पुस्तक ‘चांगली’, नदी मात्र कधीकधी ‘गेला’. पोरांना त्याचं काही नव्हतं. तोंडावर मी तिला अहोजाहो करायची. मनात कधीच नाही.

शेंगांचा शनिवार हे नाव पोरांनी पाडलं होतं, नियम पद्मक्काचे. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुणी एखादं पुस्तक वाचलं असेल, किंवा कुणाकडून वाचून घेतलं असेल, तर त्याने ते घेऊन यायचं आणि सगळ्यांना सांगायचं, हे वाचा, नाहीतर हे वाचू नका. मग पद्मक्का ते वाचून दाखवणार. सुरुवातीलाच प्रत्येकाला भाजलेल्या शेंगांची एक ओंजळ मिळायची. पुस्तक आवडलं तर आपल्या ओंजळीतल्या शेंगा पुस्तकासमोरच्या ताटलीत टाकायच्या, जितकं आवडलं तितक्या. ताटलीतल्या शेंगा ज्याने पुस्तक आणलं त्याच्या. हातात उरलेल्या आपल्या. त्यामुळे खोटं कौतुक करायची सोय नव्हती. कौतुक केलं की पदरच्या शेंगा जायच्या.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे चाललं असतं तर मलाही ते फार आवडलं असतं.

जुई दिवाळीपासून तिथे जात होती. पहिल्या शनिवारी मी बरोबर बसले होते. शेंगदाणा घशात अडकेल म्हणून प्रत्येक दाणा मी चुरून देत होते. दुसऱ्या वेळी पद्मक्का म्हणाली, ‘तू जा गं, झोप जरा. मी बघते.’ मी घरी आले आणि झोपले नाही. जाळीशी येऊन उभी राहिले. तेव्हापासून तिथेच उभी राहत होते.

‘तिथे हसते ती,’ मी जेवताना प्रसादला सांगितलं. प्रसाद माझा नवरा.

‘चांगलंय की.’

‘घरी नाही हसत.’

‘घरी मी तरी कुठे हसतो.’

‘मस्करी नको. रोज तासभर घेऊन बसते मी तिला. एकेक चित्र दाखवते. हे काय, ते कोण, विचारते. उत्तराची वाट बघते, पुन्हा विचारते. एक पान वाया जाऊ देत नाही. आणि ती बाई काय करते? पानं गाळते. परवा तर शेवटच वाचला नाही, म्हणाली, मला झोप आली, तुम्हीच ठरवा कोंबडी वाचली की मेली.’

‘मग काय ठरवलं पोरांनी?’

‘प्रसाद.’

‘बरं, बरं. मग तुला नक्की काय होतंय?’

‘मी पुस्तक काढलं की जुई बाल्कनीत जाते. आणि शनिवारी दुपारी चपला हातात घेऊन तिच्या दाराशी.’

तो जेवता जेवता थांबला. ‘तू जळतेस का काय पद्मक्कावर?’

‘मी? तिच्यावर?’ मी हसले. जरा मोठ्यानेच.

एक भीती मी त्याला सांगितली नव्हती. एखाद्या शनिवारी ते दार उघडेल आणि पद्मक्का ओरडेल, मंजिरी, जुई बोलली. आणि काय बोलली म्हणून विचारलं तर ती सांगेल, अक्का म्हणाली. स्वयंपाकघरात एकटी असताना मी दोन्ही शब्द पुटपुटून बघितले होते. अक्का. आई. अक्का म्हणायला सोपं जात होतं.

मग मी नदीचं पुस्तक काढलं. जुई पोटात असताना पुण्याच्या एका प्रदर्शनातून मी ते घेतलं होतं. हाताने काढलेली चित्रं, जाड कागद, आणि भाषा अशी की मोठ्याने वाचताना आपलाच आवाज आपल्याला आवडावा. एका शनिवारी ते जुईच्या हातात दिलं. म्हटलं, पोरांना एकदा कळू दे पुस्तक कशाला म्हणतात. आणि जुईच्या ताटलीत भरपूर शेंगा पडू देत, माझ्या पुस्तकाच्या.

‘आज जुईने पुस्तक आणली,’ पद्मक्काने जाहीर केलं. ‘बघू, बघू. अरे वा, नदी हाय.’

तिने पहिलं पान उघडलं. जुईने ते तिच्या हातातून ओढलं, मिटलं, सतरंजीचा कोपरा उचलून त्याखाली सरकवलं आणि त्यावरच जाऊन बसली.

पोरं खिदळली.

‘ही वाचू नका म्हणते,’ सानिया म्हणाली. ‘चालतं, अक्का. नियमात आहे.’

मी जाळी ढकलून आत गेले. जुईला बाजूला केलं, पुस्तक काढलं, त्याचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

‘अक्का, जरा बोलायचं होतं.’

‘बोल की.’

‘तिला थोडं चांगलं ऐकायची सवय लागायला हवी. तुम्ही प्रेमाने करता ते कळतं मला. पण या वयात कानावर जे पडतं, म्हणजे भाषा वगैरे…’

पद्मक्का माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. ‘माझी मराठी वाईट हाय म्हणून सरळ सांग ना.’

‘तसं नाही.’

‘तसंच हाय. शाळेत मराठीची जोशीबाई पण असंच तोंड करून बोलायची.’ ती पोरांकडे वळली. ‘काय रे, उद्यापासून तेलुगूत वाचू?’

‘हो,’ पोरं एका सुरात म्हणाली. जुईने टाळ्या वाजवल्या.

‘बघ. आता असं कर,’ पद्मक्का मला म्हणाली. ‘सुट्टी लागायच्या आधी मोठा शनिवार हाय. दिवाळीपासून वाचलेली सगळी पुस्तकं परत काढायची. मोठी माणसं पण एकेक वाचणार. त्या दिवशी तू वाच तुझी नदी. तुला कोण नको म्हणलंय? पोरं आपली देतील शेंगा.’

‘वाचेन,’ मी म्हणाले.

घरी येऊन प्रसादला सांगितलं, तो मोठा शनिवार झाला की बास. सुट्टीत जुईला घेऊन मी बार्शीला माहेरी जाईन, महिना-दीड महिना राहीन, तोवर ही सवय मोडेल.

‘आणि तिने रडून गोंधळ घातला तर?’

‘घालू दे. निदान माझ्यापाशी घालेल.’



मी तयारी केली. जुई झोपली की ओट्याशी उभी राहून वाचायची. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरवलं. कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली होती. पोरांच्या एका घोळक्याला बांधून ठेवणं काही अवघड नव्हतं. जुईने मला तसं बघावं, सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसलेली, असं मला फार वाटत होतं. मग ती त्या मांडीतून उठेल आणि माझ्याकडे येईल. इथपर्यंत मी चित्र रंगवलं होतं.

मोठ्या शनिवारी पद्मक्काने हॉलमधलं सगळं फर्निचर भिंतीला लावलं होतं. पंखा गरम हवा फिरवत होता. पोरं होतीच, शिवाय दुसऱ्या मजल्यावरचे हिरेमठ आजोबा खुर्चीत बसले होते. सानियाने सुरुवात केली.

‘हे पुस्तक माझं सगळ्यात आवडतं. यात एक कोंबडी चोर पकडते. तुम्ही वाचा, कारण यात शेवटी कोणी शहाणं होत नाही.’

तिच्या ताटलीत शेंगांचा ढीग पडला. जुईने दोन्ही हातांनी टाकल्या, वर ताटली हलवून नीट केली.

हिरेमठ आजोबांनी सापांचं पुस्तक आणलं होतं. ‘मी हे तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा भीती वाटली, दुसऱ्यांदा कमी वाटली, तिसऱ्यांदा सापाचीच दया आली,’ ते म्हणाले. त्यांनाही बऱ्याच शेंगा मिळाल्या. मग पद्मक्का प्रत्येकाच्या ओंजळीत नव्याने शेंगा घालत गेली आणि म्हणाली, ‘आता मंजिरी. शांत बसा सगळे, ही चांगली वाचते.’

ती खरंच कौतुकाने म्हणाली होती. मला ते लागलं.

मी वाचायला लागले. पहिल्या पानाला पोरांची चुळबुळ थांबली. डोंगराच्या कुशीतून नदी निघते, ते वाचताना मी आवाज अगदी खाली आणला, ठरवल्याप्रमाणे. सानिया पुढे सरकली. मी पान त्यांच्याकडे धरलं.

‘आता सांगा बरं, ही कुठे निघाली असेल?’

‘समुद्राला,’ दोघं-तिघं बोलली.

‘छान. आणि काठावर कोण उभं आहे?’

‘बगळा.’

‘बगळ्याचा रंग?’

‘पांढरा.’

सगळं मनासारखं चाललं होतं. पुढच्या पानावर होड्या होत्या. किती होड्या, शीड कशाला म्हणतात, वारा कुठून येतो, मी सगळं विचारलं. पोरांनी हात वर करून उत्तरं दिली. मी प्रत्येकाला शाबास म्हणत होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून जुईकडे बघत होते. ती पद्मक्काच्या मांडीत होती, फ्रॉकच्या ओच्यात शेंगा घेऊन. माझ्याकडेच बघत होती.

मग माशांचं पान आलं. हे चित्र तिला घरी कितीदा दाखवलं होतं.

‘जुई,’ मी म्हणाले, ‘हे काय आहे? सांग बघू सगळ्यांना.’

पोरांनी माना वळवल्या.

‘मला माहितीये,’ सानिया म्हणाली.

‘तू नाही. जुई सांगणार आहे. जुई, काय आहे हे?’

डॉक्टर म्हणाले होते, विचारल्यावर वाट बघायची. मी वाट बघितली. पंखा फिरत होता. हिरेमठ आजोबांनी घसा खाकरला.

‘मंजिरी, वाच की पुढे,’ पद्मक्का हळूच म्हणाली.

‘एक मिनिट, अक्का. येतं तिला. जुई, मासा. म्हण. मा, सा.’

जुईने ओठ घट्ट मिटले.

मी पुढे वाचलं. चांगलंच वाचलं. नदी समुद्राला मिळाली तिथे मी थोडी थांबले, पुस्तक मिटलं, सतरंजीवर ठेवलं. पद्मक्काने समोर ताटली सरकवली. हिरेमठ आजोबांनी आपल्या वाटणीच्या सगळ्या शेंगा त्यात ओतल्या. हा त्यांचा सज्जनपणा होता. पोरांनी दोन-तीन, दोन-तीन टाकल्या. एकाने एक टाकली, विचार केला, आणि ती परत उचलली.

जुई हलली नाही. ओच्यातल्या शेंगांवर तिने दोन्ही हात पालथे ठेवले होते.

‘जुई, तू पण टाक ना,’ सानिया म्हणाली. ‘तुझी मम्मी आहे ती.’

जुईने मान हलवली. नाही.

‘एक तरी टाक. त्यांनी एवढं वाचलं.’

‘असू दे गं,’ मी म्हणाले. मी हसत होते. गाल दुखत होते.

‘नाही, सांगायला पाहिजे. शेंग द्यायची नसेल तर का नाही ते सांगायचं, नियम आहे.’

असा काही नियम नव्हता, तो सानियाने तिथल्या तिथे केला. आणि जुई, जिने कधी कुणाला उत्तर दिलं नव्हतं, ती सानियाकडे बघून म्हणाली,

‘आई वाचत नाही.’

आवाज जरा घोगरा होता, झोपेतून उठल्यासारखा. मग शब्द बरोबर लागतोय का ते बघत तिने पुढचं म्हटलं.

‘आई विचारते.’

मग सगळे एकदम बोलायला लागले. हिरेमठ आजोबा खुर्चीतून उठले आणि कन्नडमध्ये देवाचं नाव घेत परत बसले. पोरं ‘जुई बोलली, जुई बोलली’ करत नाचायला लागली. सानिया तिच्या आईला सांगायला जिन्याने धावली, तिचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता, ‘अम्मी, जुई बोलली, तिच्या मम्मीला नापास केलं.’ कुणीतरी जुईला शेंगा दिल्या. जुई घाबरून पद्मक्काच्या पदरात तोंड लपवत होती.

मी ताटली उचलली. ती सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली आणि आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. फिल्टरखाली पेला धरला. पेला भरून पाणी हातावरून वाहायला लागलं तरी तोटी बंद करायचं सुचलं नाही.

तीन वर्षं जे वाक्य ऐकायला मी कान टवकारून होते ते हे होतं. सगळ्यांसमोर. तिच्या मांडीत बसून.

पद्मक्का मागून आली. तिने आधी तोटी बंद केली, मग दार लोटलं.

‘रडतीस काय?’

‘नाही.’

‘मग तोंड असं का?’

‘तुमच्यापाशी बोलली ती, अक्का. माझ्याबद्दल. असं.’

‘हो.’

‘तुमच्या मांडीत बसून.’

‘माझ्याच मांडीत बसून,’ पद्मक्का म्हणाली आणि ओट्यावरचं झाकण पातेल्यावर असं आदळलं की मी दचकले. ‘दिवाळीपासून बसते. पायाला मुंग्या येतात. गुडघ्याला भार नको म्हणून डॉक्टर सांगून दमली. मी म्हणलं बसू दे. आज ना उद्या अक्का म्हणेल. दुकानात सगळ्यांना सांगून ठेवली मी, बघा, पहिली हाक मलाच मारणार. सुनेला पण फोनवर सांगितली. माझी नात तर मला हाक मारत नाही, ही तरी मारेल.’

ती थांबली. पदराच्या टोकाने नाक पुसलं.

‘आणि तोंडातून काढलं काय? आई. बरं, एकदा म्हणून गप्प बसली? परत आई.’

मी तिच्याकडे बघत राहिले.

‘काय म्हणाली?’

‘कानात बोळे घातलीस काय? आई म्हणाली. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकली. तू काय ऐकलीस?’

मी ‘वाचत नाही’ ऐकलं होतं. ‘विचारते’ ऐकलं होतं. ते दोन शब्द अजून कानात ठणकत होते. त्यांच्या आधी काय होतं ते आता, त्या गरम स्वयंपाकघरात, पद्मक्काच्या तोंडून माझ्यापर्यंत पोचत होतं. मी ते मनात पुन्हा म्हणून बघितलं. जुईच्या त्या घोगऱ्या आवाजात. आई.

हातातला पेला मी ओट्यावर ठेवला.

‘अक्का…’

‘काय अक्का अक्का. तू म्हणून काय उपयोग?’ तिने माझ्याकडे पाठ केली आणि मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या उगाच इकडच्या तिकडे करायला लागली. तिचे खांदे हलत होते. ‘जा, घेऊन जा तुझी पोर. आज मला बघवत नाही.’

तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. ठेवला नाही. एरवी मी जे लपवत फिरत होते ते ही बाई सरळ बोलून मोकळी झाली होती, आणि तिचं ते जळणं माझ्यावर होतं. आम्ही दोघींनी एकमेकींची समजूत घातली नाही.

बाहेर पोरं शेंगांवरून भांडत होती. मी जुईला उचललं. दाराशी पोचलो तेव्हा आतून पद्मक्काचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा, ‘पुढच्या शनिवारी पाठव तिला. उशीर नको करू.’

‘पाठवते,’ मी म्हणाले.

प्रसादला फोन केला तर त्याला आधीच कळलं होतं. सानियाच्या वडिलांनी कळवलं होतं. ‘पेढे आणतो,’ तो म्हणाला, ‘काय बोलली नक्की?’

‘आई म्हणाली,’ मी सांगितलं.

‘एवढंच?’

‘एवढंच.’

उन्हं उतरल्यावर जुई कोंबडीचं पुस्तक घेऊन आली. सानियाने तिला ते घरी न्यायला दिलं होतं. मी बाल्कनीत भाजी निवडत बसले होते. ती जरा लांब उभी राहिली, पुस्तक पोटाशी धरून. मी मेथीचं ताट बाजूला केलं आणि काही न बोलता मांडी मोकळी केली. ती आली, बसली.

मी वाचायला लागले. कोंबडी खुराड्यात होती, चोर भिंतीवर चढत होता. पान संपलं. हे कोण, चोराच्या हातात काय आहे, भिंतीचा रंग कुठला, सगळं ओठांवर आलं. मी दात ओठांवर दाबून धरले. माझ्या मांडीत जुईचं अंग ताठ झालं होतं. मान खांद्यांत गेलेली, गुडघे जवळ घेतलेले. ती प्रश्नाची वाट बघत होती. पान संपलं की ती अशी होते, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. माझं लक्ष तिच्या तोंडाकडे असायचं.

मी पान उलटलं. वाचलं. पान संपलं, ती आखडली. मी काही विचारलं नाही. पुन्हा उलटलं. चोराचा पाय घसरला, कोंबडीने त्याचा सदरा पकडला. जुईने वळून माझ्याकडे एकदा बघितलं. मी पुस्तकाकडेच बघत राहिले.

कुठल्या पानावर ते झालं ते सांगता येणार नाही. तिची पाठ हळूहळू मागे आली आणि माझ्या छातीला टेकली. मग डोकं आलं, माझ्या हनुवटीखाली. सगळा भार तिने माझ्यावर सोडून दिला. साडेतीन वर्षांच्या पोरीला इतकं वजन असतं हे मला माहीत नव्हतं.

पद्मक्काकडे ती अशीच बसत असणार. दिवाळीपासून. दर शनिवारी, पहिल्या पानापासून. मी पुढचं पान वाचायला लागले.